दोन पेन्सचं भविष्य : सतराव्या शतकातली इंग्रजी पंचांगं

शिळा पेपर (धागाकर्ता)

१६६० नंतरच्या दशकात इंग्लंडात दरवर्षी सुमारे चार लाख आल्मनॅक खपायचे, असा इतिहासकारांचा हिशोब आहे. देशाची लोकसंख्या तेव्हा पन्नास लाखांच्या आसपास. म्हणजे साधारण दर तीन घरांमागे एक प्रत. बायबलचाही वार्षिक खप इतका नव्हता. आणि तरी त्या काळच्या इंग्लंडबद्दल बोलताना आपण शेक्सपिअर, क्रॉमवेल, न्यूटन करतो आणि शेतकऱ्याच्या खिशातल्या या पुस्तिकेला विसरतो.

वस्तू अगदी साधी. तीन फर्म्यांची, शिवलेली, खिशात मावणारी. किंमत दोन पेन्सच्या आसपास. भिंतीला डकवायचं एकपानी त्याहून स्वस्त. पुस्तिकेचे दोन भाग असत आणि बरेचदा दुसऱ्या भागाला वेगळं मुखपृष्ठही असे. पहिला भाग म्हणजे दिनदर्शिका : महिनावार तारखा, संतांचे सण, चंद्राच्या कला, सूर्योदय-सूर्यास्त, लंडनची कोर्टं कधी उघडणार, भरती-ओहोटी. दुसरा भाग भाकिताचा : येत्या वर्षाची चार ऋतूंची हवा, ग्रहणं, पिकं, आजार, राजेरजवाड्यांचं काय होणार. मुखपृष्ठावर लिहिलेलं असे की हे गणित अमुक गावच्या रेखांशावर केलंय, पण सगळ्या ब्रिटनला चालेल. विकणारे हुशार होते.

आता यात एक मौज बघा. आल्मनॅकचं वर्ष १ जानेवारीला सुरू व्हायचं, पण कायद्याचं वर्ष २५ मार्चला. चार्ल्स राजाचं डोकं उडवलं ती तारीख आपण ३० जानेवारी १६४९ म्हणतो, पण तेव्हाच्या सरकारी कागदाच्या हिशोबाने ते साल १६४८. सामान्य माणूस मात्र कोर्टाच्या नव्हे, खिशातल्या पुस्तिकेच्या वर्षाने जगत होता.

जत्रांच्या याद्या असत : कुठल्या गावी कुठल्या दिवशी गुरांचा बाजार. लंडनहून चेस्टरला जाताना वाटेत कुठली गावं लागतील, किती मैलांवर. जगाच्या उत्पत्तीला किती वर्षं झाली, नोहाच्या पुराला किती, छपाईचा शोध लागून किती, अशी एक कालगणना. काही प्रतींत मध्ये कोरी पानं घालून विकत. लोक त्यावर हिशोब लिहीत, गाय कधी फळली ते लिहीत, मुलाचा जन्म लिहीत. जॉन एव्हलिन, ज्याची रोजनिशी आज इतिहासाचं मोठं साधन मानतात, त्याने वयाच्या अकराव्या वर्षी, १६३१ साली, बापाचं बघून अशाच कोऱ्या पानांच्या आल्मनॅकमध्ये टिपणं ठेवायला सुरुवात केली.

माझं म्हणणं असं की लोक हे विकत घेत ते तारखा, चांदणं आणि जत्रांसाठी. रात्री घरी परतायचं तर चंद्र आहे का, हा तेव्हा खरा प्रश्न होता. भविष्य सोबत यायचं. भिंतीवरच्या कालनिर्णयात तिथी बघायला गेलेला माणूस मागच्या बाजूचं सगळं वाचून काढतो, तसंच.

चर्चा व्हावी.

खडूस आजोबा

लेख बरा आहे, पण शेवटचा परिच्छेद पटला नाही. नुसत्या तारखाच हव्या होत्या तर भाकितं न छापणारी स्वस्त पुस्तिका बाजारात टिकली असती. छापणारा काही धर्मादाय करत नव्हता. भाकितं होती कारण गिऱ्हाईक मागत होतं. आणि दरवर्षी खोटी ठरूनही मागत होतं. याचं उत्तर द्या.

शिळा पेपर

आजोबा, छापणाऱ्याबद्दल आधी. छापणारा एकच होता. १६०३ साली पहिल्या जेम्सने आल्मनॅक, स्तोत्रं आणि प्राथमिक वाचनपुस्तकं छापायचा मक्ता लंडनच्या स्टेशनर्स कंपनीला, म्हणजे छापखानेवाल्या-पुस्तकविक्यांच्या संघाला, दिला. त्याआधी एलिझाबेथच्या काळात वॉटकिन्स आणि रॉबर्ट्स या दोन छापखानेवाल्यांकडे होता. म्हणजे पुढची पावणेदोनशे वर्षं वेगवेगळ्या ज्योतिष्यांच्या नावाने निघणाऱ्या, एकमेकांना शिव्या घालणाऱ्या पुस्तिका एकाच दुकानातून बाहेर पडत होत्या. पैसा कंपनीचा. लिहिणाऱ्याला बहुधा दोन पौंड मिळत. मोठ्या नावांना बरंच जास्त, पण ती नावं थोडी.

मग दोन पौंडांसाठी कोण मरमर करेल? तर पुस्तिका हीच जाहिरात होती. शेवटच्या पानावर वैद्य, मोजणीदार, गणित शिकवणारा किंवा ज्योतिषी म्हणून स्वतःचा पत्ता छापायचा. गिऱ्हाईक घरी यायचं.

कुंडलीवाली

मी या क्षेत्रातली असल्याने थोडं. अंगाला राशी चिकटवलेला तो नागडा माणूस बहुतेक आल्मनॅकमध्ये असायचा : मेष डोक्याशी, वृषभ मानेशी, असं करत मीन पावलांशी. आपल्याकडचा कालपुरुष हाच. दोन्हींचं मूळ ग्रीक काळातल्या ज्योतिषात जातं, त्यामुळे साम्याचं आश्चर्य नको. फरक वापरात. तिकडे चंद्र ज्या राशीत, त्या अवयवाचं रक्त काढायचं नाही, असा नियम होता आणि न्हावी-शल्यकार तो पाळत. जुलाबाचं औषध, बैल खच्ची करणं, लाकूड तोडणं, केस कापणं, सगळ्याला चंद्र विचारायचा. त्यामुळे "तारखा वेगळ्या आणि भविष्य वेगळं" ही धागाकर्त्यांची विभागणी तितकी साफ नाही. चंद्र कुठल्या राशीत, हा रकाना दिनदर्शिकेचा की ज्योतिषाचा?

दुसरं, वार्षिक भाकीत हा या लोकांचा कच्चा माल. खरं काम प्रश्नकुंडलीचं. विल्यम लिली या लंडनच्या गाजलेल्या ज्योतिष्याकडे भरभराटीच्या काळात वर्षाला दोन हजारांच्या घरात लोक यायचे. हरवलेला कुत्रा, पळालेला नोकर, समुद्रावर गेलेला नवरा जिवंत आहे का, लग्न होईल का. लिलीने १६४७च्या त्याच्या मोठ्या ग्रंथात स्वतःचंच एक उदाहरण दिलंय. लेंटच्या उपवासासाठी लंडनहून मासे मागवले होते, नदीमार्गे वॉल्टनला येताना चोरीला गेले. त्याने प्रश्नकुंडली मांडली, नदीकाठच्या एका कोळ्यावर बोट ठेवलं, वॉरंट काढून झडती घेतली. मासे सापडले, काही खाऊन झालेले. सोबत कांदेही होते, तेही शिजून गेले होते! 😄

प्रत्यक्ष सल्ल्यांच्या वह्या कुठे बघायला मिळतात का, कुणाला माहीत आहे?

पुरालेख

@कुंडलीवाली : मिळतात. लिलीच्या वह्या ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहेत, कारण त्याचा मित्र इलायस ॲशमोल याने त्या जपल्या. पण त्याच संग्रहातल्या सायमन फॉर्मन आणि रिचर्ड नेपियर यांच्या वह्या आधी बघा. १५९६ ते १६३४ या काळातले सुमारे ८० हजार सल्ले. केंब्रिजच्या मंडळींनी त्या नेटवर आणल्या आहेत. नेपियर तर गावचा पाद्री होता! अक्षर वाचताना डोळे जातील, तयारी ठेवा.

आता मूळ मुद्दा. मला वाटतं शिळा पेपर आणि आजोबा दोघंही १६४० हे वर्ष ओलांडायला तयार नाहीत. त्याआधीची भाकितं खरोखर मिळमिळीत होती. "काही मोठ्या माणसाला ताप येईल", "पूर्वेकडे कलह". कारण राजाबद्दल काही छापलं तर गच्छंती. १६४१मध्ये सेन्सॉरशिप कोसळली, पाठोपाठ राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध पेटलं आणि आल्मनॅक एकदम ताज्या बातमीसारखा झाला. पुढच्या महिन्यात कोण जिंकणार?

लिलीचा पहिला आल्मनॅक १६४४चा. लेस्टरशरमधल्या खेड्यातून लंडनला नोकर म्हणून आलेला, मालक वारल्यावर त्याच्या विधवेशी लग्न करून सावरलेला माणूस. तो पार्लमेंटच्या बाजूचा. राजाच्या बाजूने ऑक्सफर्डहून जॉर्ज व्हार्टन. १६४५च्या मे महिन्यात व्हार्टनने राजाच्या मोहिमेचं शुभ भविष्य छापलं. लिलीचं उत्तर बाहेर पडलं १४ जूनला, आणि त्याच दिवशी नेझबीच्या लढाईत राजाचं सैन्य साफ झालं. त्याआधी त्या वर्षाच्या आल्मनॅकमध्येही त्याने जूनमध्ये लढलो तर विजय आपला, अशा अर्थाचं लिहून ठेवलं होतं. यापेक्षा मोठी जाहिरात कुठली? १६४८ साली कोलचेस्टरच्या वेढ्यात शिपायांचा धीर वाढवायला लिली आणि बुकर या दोन ज्योतिष्यांना मुद्दाम छावणीत नेलं होतं.

पण माणूस नुसता प्रचारक नव्हता. राजा आयल ऑफ वाइटवर कैदेत असताना त्याच्या बाजूची एक बाई पळून जाण्याचा मुहूर्त विचारायला लिलीकडेच आली. लिली आत्मचरित्रात लिहितो की खिडकीचे गज कापायला करवत आणि तेजाब मिळवून द्यायलाही त्याने मदत केली. पुढे व्हार्टन तुरुंगात पडला तेव्हा त्याला सोडवायलाही हाच धावला. धंद्यातली माणसं जाहीरपणे भांडतात आणि आतून एकमेकांना सांभाळतात, हे तेव्हाही होतं.

खडूस आजोबा

बरोबर आलेलं एक सांगितलंत. चुकलेलंही सांगा की.

पुरालेख

सांगतो. २९ मार्च १६५२, सोमवार, सूर्यग्रहण. लिली, निकोलस कल्पेपर (तोच, झाडपाल्याच्या औषधांचा) आणि इतरांनी महिनोन्महिने आधी पुस्तिका काढून अंधार, राज्यक्रांती, संहाराची हवा केली. लोक त्याला काळा सोमवार म्हणू लागले. पैसेवाले लंडन सोडून गेले. एव्हलिनने रोजनिशीत चिडून लिहिलंय की कुणी कामाला हात लावेना, घराबाहेर पडेना, इतकं या भामट्यांनी लोकांना बनवलं. प्रत्यक्षात लंडनला ग्रहण खंडग्रास, आकाश निरभ्र, थोडं मंद ऊन आणि मग नेहमीसारखी दुपार. पुढे कित्येक महिने टिंगल चालली.

आणि खप? पडला नाही. आजोबांच्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच : १६४० साली कोणी विचारलं असतं की राजाचा शिरच्छेद होईल का, तर शहाणा माणूस नाही म्हणाला असता. जे अशक्य ते घडून गेलेल्या पिढीला एखादं भाकीत हुकल्याचं फारसं वाटत नाही. पुढचं तरी हुकू नये म्हणून तो पुन्हा दोन पेन्स देतो.

त्याच वर्षी ऑक्टोबरात लिली अडचणीत आला. १६५३च्या आल्मनॅकमध्ये त्याने पार्लमेंटचे दिवस भरल्याचं लिहिलं होतं. समितीपुढे बोलावणं यायच्या आत पठ्ठ्याने आक्षेपार्ह ओळी काढून सहा प्रती नव्याने छापून घेतल्या आणि समितीला सांगितलं : ही तुमच्या हातातली नक्कल माझ्या वैऱ्यांची, खऱ्या प्रती या. तेरा दिवस कोठडीत राहून सुटला. (गंमत म्हणजे १६५३च्या एप्रिलमध्ये क्रॉमवेलने ते पार्लमेंट खरंच हाकलून दिलं.)

टिवल्याबावल्या

लिलीला लंडनच्या आगीबद्दल पकडलं होतं ना? त्यानेच लावली असं काहीतरी वाचलंय.

पुरालेख

पकडलं नव्हतं, विचारायला बोलावलं होतं. १६५१च्या एका पुस्तिकेत त्याने मजकुराऐवजी कोड्यासारखी चित्रं छापली होती. एका चित्रात जुळी मुलं उलटी आगीत पडताहेत. मिथुन ही लंडनची रास. दुसऱ्या चित्रात कफनात गुंडाळलेली प्रेतं आणि खोदलेली थडगी. १६६५ला प्लेग, १६६६ला आग. ऑक्टोबर १६६६मध्ये पार्लमेंटच्या समितीने विचारलं, तुला कसं माहीत? ही आग कटाची होती का? लिली म्हणाला, माणसाचा हात असल्याचं मला दिसलं नाही, ही देवाची करणी. सन्मानाने घरी पाठवलं.

मुद्दाम लक्षात घ्या, चित्रांवर ना साल होतं ना तारीख. पंधरा वर्षांत लाकडी घरांच्या शहरात आग आणि रोगराई, यासाठी ग्रहांची गरज नव्हती.

गणिती मास्तर

सगळे लिलीच्या मागे लागलेत. आल्मनॅकचा दुसरा चेहरा सांगतो.

लिओनार्ड डिग्ज याचं हवामानाचे ठोकताळे देणारं एक कायमस्वरूपी आल्मनॅक सोळाव्या शतकाच्या मध्यात निघालं. १५७६मध्ये त्याचा मुलगा टॉमस याने नवी आवृत्ती काढताना शेवटी कोपर्निकसच्या सूर्यकेंद्री विश्वाचं इंग्रजीतलं वर्णन आणि एक आकृती जोडली. आकृतीत तारे एका गोलाला चिकटलेले नाहीत, ते अनंतापर्यंत पसरलेले आहेत. कोपर्निकससुद्धा इतकं बोलला नव्हता. आणि हे कुठे छापलं? "चंद्राला खळं पडलं तर पाऊस" सांगणाऱ्या पुस्तकाच्या शेवटी!

रटलंडचा व्हिन्सेंट विंग घ्या. गावाकडचा मोजणीदार, स्वतः शिकलेला, ग्रहगणित उत्तम. त्याच्या आल्मनॅकच्या काही वर्षी पन्नास हजारांच्या आसपास प्रती खपत होत्या. सूर्यकेंद्री कल्पना खेड्यापाड्यांत पोचल्या त्या विद्यापीठांपेक्षा अशा पुस्तिकांतून.

आणि माझं सगळ्यात आवडतं : १७०४ साली कॉव्हेंट्रीच्या जॉन टिपर या शाळामास्तराने बायकांसाठी काढलेलं आल्मनॅक. आधी पाककृती, गोष्टी असं ठेवून बघितलं. मग लक्षात आलं की वाचकांना कोडी आणि गणितं हवी आहेत. पद्यात विचारलेली, उत्तरंही बरेचदा पद्यात. पाककृती गेल्या, गणित राहिलं, आणि पुढे शंभरहून जास्त वर्षं ते चाललं. बायकांची नावं प्रश्न सोडवणाऱ्यांत छापून यायची.

सोनचाफा

मास्तर, आल्मनॅक लिहिणाऱ्या बायका होत्या का?

गणिती मास्तर

थोड्या. सेरा जिनर हिचे १६५८ पासून काही वर्षांचे आल्मनॅक आहेत. त्यात बायकांच्या दुखण्यांवरची औषधं मोकळेपणाने दिली आहेत आणि बायका लिहू शकत नाहीत असं म्हणणाऱ्यांना चांगलं सुनावलंय. १६८०च्या दशकाच्या अखेरीला सडबरीची सुईण मेरी होल्डन. ताई, सुईणीला जन्मवेळ नेमकी कळते, त्यामुळे तिने ज्योतिषाकडे वळणं अगदी सरळ आहे.

हसरी दुपार

कोणीच कसं पार्ट्रिजचं प्रकरण काढलं नाही!

जॉन पार्ट्रिज, मूळचा चांभार, नंतर लंडनचा सगळ्यात गाजलेला आल्मनॅकवाला. १७०८च्या सुरुवातीला जोनाथन स्विफ्टने आयझॅक बिकरस्टाफ या खोट्या नावाने स्वतःची भाकितं छापली. पहिलंच भाकीत : पार्ट्रिज २९ मार्चला रात्री अकराच्या सुमारास तापाने मरणार. तारीख उलटल्यावर दुसरं पत्रक : मेला हो, फक्त आमचा चार तासांचा हिशोब चुकला. वर शोककविता. लोकांना इतकं पटलं की बिचाऱ्याला पुढच्या आल्मनॅकमध्ये छापावं लागलं की मी आज जिवंत आहे आणि २९ मार्चलाही होतो. त्यावर स्विफ्टचं उत्तर : असला भिकार मजकूर कोणी जिवंत माणूस लिहीलच कसा?

पुढे १७१० ते १७१३ त्याचं आल्मनॅक निघालंच नाही. लोक समजतात की या चेष्टेमुळे. खरं कारण पैशांवरून स्टेशनर्स कंपनीशी झालेलं भांडण. पार्ट्रिज खरोखर मेला १७१५च्या सुमारास, आणि मग कंपनीने त्याच्या नावाने आल्मनॅक काढणं चालूच ठेवलं. जिवंतपणी मेलेला, मेल्यावर लिहिणारा!

लंडनकर मावशी

वाचतेय, मजा येतेय. इथे यूकेमध्ये ओल्ड मूरचं आल्मनॅक अजून दरवर्षी निघतं. मूळचा फ्रान्सिस मूर सतराव्या शतकाच्या शेवटचा, त्यामुळे हा धागा वाचताना नाव ओळखीचं वाटलं.

अवांतर, पण तारखांवरूनच : १७५२ साली इथे २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला. नवीन कॅलेंडर. "आमचे अकरा दिवस परत द्या" म्हणून दंगे झाल्याचं सगळे सांगतात, पण तशा दंग्यांचा धड पुरावा नाही. खरा गोंधळ जत्रांचा आणि देण्याघेण्याच्या तारखांचा. जुनं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, त्यात अकरा मिळवले की ५ एप्रिल. पुढे १८०० साली आणखी एक दिवस सरकून ६ एप्रिल. आमचं टॅक्सचं वर्ष अजून त्याच तारखेला सुरू होतं. अकाउंटंटला विचारलं तर तो खांदे उडवतो.

वेळापत्रक

आपल्याकडचा एक धागा इथे खरोखर जुळतो. केरूनाना छत्र्यांनी १८६५ पासून जे सुधारलेलं पंचांग काढलं, ज्याला पुढे पटवर्धनी म्हणू लागले, त्यातलं ग्रहगणित इंग्रजी नॉटिकल आल्मनॅकवरून घेतलेलं होतं. म्हणजे इंग्रजी आल्मनॅक मराठी पंचांगात आलं, आणि त्यावरून केवढे वाद झाले!

गणिती मास्तर

वाद झाले हे खरं, पण घराणं वेगळं. नॉटिकल आल्मनॅक ग्रिनिचच्या वेधशाळेचं, तिथल्या खगोलशास्त्रज्ञ मॅस्कलिनने काढलेलं, पहिलं १७६७ सालासाठी. खलाशाला समुद्रावर रेखांश काढता यावा म्हणून चंद्राची अंतरं. त्यात फलज्योतिषाची एक ओळ नाही. केरूनानांनी जे उचललं ते न्यूटननंतरच्या खगोलशास्त्राचं फळ. लिली-पार्ट्रिजशी त्याचं नातं एवढंच की दोन्हींच्या मुखपृष्ठावर आल्मनॅक लिहिलेलं असे.

खडूस आजोबा

चला, म्हणजे न्यूटन आला, रॉयल सोसायटी आली आणि भाकितं संपली. सुशिक्षितांनी सोडली तेव्हा धंदा बसला असणार.

शिळा पेपर

आजोबा, तिथेच गोम आहे. सुशिक्षितांनी सोडली हे खरं. १७०० नंतर कोणी नावाजलेला विद्वान फलज्योतिषाची बाजू घेताना दिसत नाही. विडंबनं तर आधीपासून होती. पुअर रॉबिन नावाचं आल्मनॅक १६६०च्या दशकात सुरू झालं, त्यात संतांच्या शेजारच्या रकान्यात पापी लोकांची नावं, आणि भाकीत असं की फेब्रुवारीत थंडी असेल. तेही स्टेशनर्स कंपनीच छापायची. भविष्य विकायचं आणि त्याची टिंगलही विकायची.

मक्ता मोडला तो विज्ञानाने नाही, कोर्टाने. सेंट पॉलच्या आवारातला टॉमस कार्नन नावाचा पुस्तकविक्या परवानगी न घेता आल्मनॅक छापू लागला. कंपनीने खटला भरला आणि १७७५ साली हरली : राजाला असा मक्ता द्यायचा अधिकारच नाही, असा निकाल. १७७९मध्ये पंतप्रधान लॉर्ड नॉर्थने कायदा करून मक्ता परत द्यायचा प्रयत्न केला, तोही पडला. त्या वेळी वकील अर्स्किनने कार्ननच्या बाजूने भाषण करताना मुद्दा हाच मांडला की ज्यांना शुद्ध आल्मनॅकची राखण करायला मक्ता हवाय, ते छापतात काय ते तरी बघा.

आता खप बघा. मूरचं आल्मनॅक १७६८ साली १ लाख ७ हजार. १८३९ साली ५ लाख ६० हजार. मधल्या काळात त्यावर जबर कर होता. १८३४ साली तो उठला तेव्हा एका प्रतीला १ शिलिंग ३ पेन्स भरावे लागत. १८२८ पासून सुधारक मंडळींनी भाकितं वगळून शुद्ध माहितीचं ब्रिटिश आल्मनॅक काढलं होतं. चांगलं होतं, चाललंही. पण मूरच्या जवळपास पोचलं नाही.

तेव्हा तुमचा पहिला मुद्दा, गिऱ्हाईक भाकीतच मागत होतं, हा निदान एकोणिसाव्या शतकापुरता मी मान्य करतो. सतराव्या शतकाबद्दल मात्र अजून भांडायला तयार आहे. तेव्हाच्या ज्या प्रती उरल्या आहेत त्यांच्या समासांत लोकांनी काय लिहून ठेवलंय ते बघा : पाऊस, उधारी, वासरं.